केस स्टडीचा तास बंद करू नका : वाणिज्य महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य आणि वाणिज्य विभाग

सविनय नमस्कार.

यंदापासून बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा वित्त आणि गुंतवणूक या विषयातला गटवार केस स्टडीचा तास बंद, त्याऐवजी मोबाइलवर बहुपर्यायी चाचणी आणि प्रत्येकाने स्वतंत्र लिहायची वही, असे परिपत्रक आपण काढलेत. ते फलकावर लागले त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाने त्याचा फोटो मला पाठवला. मी भेटायला आले, लेखी निवेदनही दिले. निर्णय झालेला आहे, एवढेच उत्तर मिळाले. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, आणि असाच निर्णय उद्या गावातल्या दुसऱ्या महाविद्यालयातही होऊ शकतो.

मी आपलीच माजी विद्यार्थिनी. वडील यंत्रमागावर होते, आई घरी विड्या वळायची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, मराठी मी गल्लीत आणि शाळेत शिकले. आज अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब पाहते. सुताची खरेदी, बँकेचे सीसी खाते (ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवी तशी उचल देणारे कर्जखाते), जीएसटी, गिऱ्हाइकांची उधारी, सगळे माझ्या टेबलावरून जाते. मुलाखतीत मला पुस्तकातले काहीच विचारले नव्हते. मालकांनी एक जुना ताळेबंद पुढे सरकवला आणि यात तुला काय खटकते, असे विचारले. तो प्रश्न मला नवा नव्हता, कारण केस स्टडीच्या तासाला दर आठवड्याला तोच प्रश्न समोर असायचा. परिपत्रक निघेपर्यंत शनिवारी सुटी असली की मी त्याच तासाला मुलांच्या गटांसोबत बसायला येत होते. भाऊ यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे या निर्णयात माझे दोन्हीकडून काहीतरी जाते.

त्या तासाला नेमके काय व्हायचे, हे मंडळाच्या सगळ्या सदस्यांनी पाहिले असेल असे मला वाटत नाही. म्हणून एक केस सविस्तर सांगते.

टर्किश टॉवेलचा एक कारखाना. कल्पित, पण आकडे सोलापूरच्या माणसाला ओळखीचे वाटतील असे. वर्षाची विक्री ३ कोटी ६५ लाख, म्हणजे दिवसाला सरासरी १ लाख. नफा १८ लाख. तरी आठवड्याची मजुरी द्यायला हातात पैसे नाहीत आणि सीसीची मर्यादा संपलेली. अशात मालकाकडे ३० टक्के जास्त ऑर्डर चालून आली आहे. नवे माग घ्यावेत की नाही, हे गटाने सांगायचे.

आकडेमोड अवघड नाही. सुताचा साठा २० दिवसांचा, मागावरचा आणि तयार माल २५ दिवसांचा, गिऱ्हाइकाकडची उधारी ७५ दिवसांची. सूतवाला मात्र १५ दिवसांत पैसे मागतो. पहिल्या तिन्हींची बेरीज करून १५ वजा केले की १०५ दिवस राहतात. विक्रीच्या दराने ढोबळ हिशेब केला तरी कोटीभर रुपये कायम अडकलेले. विक्री ३० टक्क्यांनी वाढली की आणखी ३० लाखांच्या आसपास अडकणार, आणि वर्षाचा सगळा नफा आहे १८ लाख. मागांची किंमत तर अजून धरलेलीच नाही. नफ्यातला कारखाना ऑर्डर वाढल्यामुळे अडचणीत येऊ शकतो, हे आमच्यापैकी बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

इथपर्यंत एखादे हुशार मूल एकटे पोचेल. पुढचे एकट्याने होत नाही. आमच्या गटातल्या एकाचे वडील जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे मुकादम, होते. तो म्हणाला, ७५ दिवस ही सरासरी झाली. माल दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या आधी जातो, पैसे सण उलटल्यावर येतात, मजुरी मात्र दर आठवड्याला लागते. दुसरीच्या काकांचे सुताचे दुकान होते. तिने विचारले, या उधारीत सहा महिन्यांपेक्षा जुनी किती आहे? ती येणारच नसेल तर १८ लाखांचा नफा खरा कसा मानायचा? मोहोळकडच्या शेतकऱ्याचा मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, गिऱ्हाईक एकच आहे की दहा आहेत? केसच्या मागे जोडलेल्या यादीत पाहिले तर निम्मी विक्री एकाच व्यापाऱ्याला. ज्या घरातला सगळा ऊस एकाच साखर कारखान्याला जातो आणि ज्या घराने थकलेल्या बिलाची वाट पाहिलेली असते, त्या घरातल्या मुलाला तो प्रश्न सुचला. माझ्या डोक्यात तो आला नसता, आणि पुस्तकात तर तो कुठेच नव्हता.

आमच्या गटाने लिहिले, माग आत्ता नकोत. आधी उधारी ७५ दिवसांवरून ५० वर आणा, त्यातून २५ लाख मोकळे होतील. शेजारच्या गटाचे म्हणणे उलट होते, की माग घ्या, पण मोठ्या व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊन मगच. सरांनी कुणालाच बरोबर किंवा चूक म्हटले नाही. वर्गात एक निवृत्त बँक अधिकारी बसले होते. त्यांना पटवा, कर्ज मिळते का बघा, असे सर म्हणाले. त्या गृहस्थांनी दोन्ही गटांना घाम फोडला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, तुमच्या गटात याला विरोध कुणी केला आणि का?

आपल्या परिपत्रकाने तो प्रश्नच काढून टाकला. कागदावर केस शिल्लक आहे, कारण वहीत 'एका केसचे विश्लेषण' लिहायचे आहे. गट मात्र गेला. पैशाचा निर्णय घेताना माणूस सगळ्यात आधी स्वतःची समजूत घालतो. आपल्याला हवे ते आकडे त्याला दिसतात आणि नको ते दिसत नाहीत. शेजारी बसलेला, वेगळ्या घरातून आलेला, वेगळी भीती असलेला माणूस विचारतो तेव्हा ते दिसू लागतात. वित्त शिकवण्यात हाच भाग सर्वात महत्त्वाचा आहे, आणि तो गटाशिवाय शिकवता येत नाही. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. बाकीचे पत्र याच्याच आधाराने आहे.

ही पद्धत कुणा एका प्राध्यापकाची हौस नव्हे. हार्वर्डची व्यवसाय व्यवस्थापन शाळा १९०८ मध्ये सुरू झाली आणि १९२१ मध्ये तिथे एका बूट कंपनीवरची पहिली लेखी केस वर्गात आली. आधी एकट्याने वाचायचे, मग छोट्या गटात बोलायचे, मग सगळ्या वर्गापुढे मांडायचे, हा क्रम तिथे रुजला आणि जगभर गेला. गुंतवणूक विश्लेषकांच्या सीएफए इन्स्टिट्यूट या जागतिक संस्थेच्या संशोधन स्पर्धेत आजही ३ ते ५ विद्यार्थ्यांचा गट शेअर बाजारातली एक कंपनी अभ्यासतो, अहवाल लिहितो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. तिथे एकट्याला प्रवेशच नाही. शिवाय आपल्याकडे बाहेरून केस आणायचीही गरज नाही. वालचंद हिराचंद १८८२ साली याच सोलापुरात जन्मले. १९१९ मध्ये ते सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनच्या उभारणीत उतरले तेव्हा समोर बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपन्या होत्या आणि त्यांनी मालवाहतुकीचे दर पाडून नव्या कंपनीची कोंडी केली. तोटा किती काळ सोसायचा, भागधारकांना काय सांगायचे, कंपनी विकून मोकळे व्हायचे की टिकायचे, यावर आमच्या वर्गात झालेला वाद तास संपल्यावर जिन्यातही चालू होता. वालचंदांवर निबंध लिहायला सांगितले असते तर आम्ही त्यांची थोरवी लिहिली असती. केस होती म्हणून त्यांची जोखीम मोजली.

आता तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या रीतीबद्दल आहे. तास बंद करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना विचारले गेले नाही, माजी विद्यार्थ्यांना नाही, आणि हा तास घेणाऱ्या प्राध्यापकांशीही पुरेसे बोलणे झाले नाही असे मला कळते. वर्षानुवर्षे स्वखुशीने येणारे सनदी लेखापाल, निवृत्त बँक अधिकारी आणि कारखानदार यांना साधे पत्रही गेले नाही. त्यांच्यातले एक काका परिपत्रकानंतरच्या शनिवारी नेहमीप्रमाणे पिशवीत केसच्या प्रती घेऊन आले आणि शिपायाने सांगितल्यावर परत गेले. हे मला फार लागले.

दुसरी तक्रार बहुपर्यायी चाचणीची. व्याख्या पाठ झाल्या का, हे तपासायला ती चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिने केसची जागा घेऊ नये. आमच्याकडे एक केस होती. घरात माणूस निवृत्त झाला, १५ लाख हातात आले, बँकेत ठेवीवर ७ टक्के मिळतात आणि ओळखीची पतसंस्था ११ टक्के देते. चाचणीत विचारतील, जास्त व्याज कुठे? मुले बरोबर पर्याय निवडतील आणि गुण मिळवतील. वर्गात मात्र पिग्मी एजंटाचा, म्हणजे दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्याचा, मुलगा होता आणि त्याला ठाऊक होते की लोक संस्थेच्या कागदांपेक्षा चेहरा पाहून ठेव देतात. ठेव विमा शोधायला सरांनी त्यालाच लावले. बँकेतल्या ठेवीला दर ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी तो फक्त १ लाख होता. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. हे त्याने वर्गापुढे सांगितले तेव्हा खोली शांत झाली, कारण निम्म्या वर्गाच्या घरचे पैसे पतसंस्थांमध्ये होते. गटांनी मग एका जागी सगळे न ठेवता रक्कम कशी विभागायची, पतसंस्थेला लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग (श्रेणी) कसा पाहायचा, थकीत कर्जाचा आकडा कुठे शोधायचा, हे काढले. पतसंस्था वाईट असतात असा निष्कर्ष कुणी काढला नाही. तपासल्याशिवाय पैसे ठेवायचे नाहीत, एवढे सगळ्यांनी घरी जाऊन सांगितले.

असाच दुसरा एक तास महिन्याला ५ टक्के देणाऱ्या योजनांवर होता. अशा योजनांत आपल्या भागातली किती घरे पोळली, ते आपण जाणताच. गटाला एकच काम होते, की व्याजाचे पैसे येतात कुठून ते कागदावर दाखवा. ५ लाख गुंतवले तर महिन्याला २५ हजार. म्हणजे पहिले २० महिने माणसाला स्वतःचेच ५ लाख परत मिळत असतात, आणि त्या २० महिन्यांत तो खूश होऊन मेव्हण्याला आणि शेजाऱ्याला आत आणतो. हे गणित सातवीतल्या मुलालाही येईल. तरी मोठी माणसे फसतात, कारण नफ्याची बातमी आणणारा घरचा असतो आणि त्याच्यासमोर प्रश्न विचारणे वाईट दिसते. ओळखीच्या माणसाला न दुखावता पैशाचा प्रश्न कसा विचारायचा, याचा सराव आम्ही गटात केला. तो कुठल्या वहीत होणार आहे?

तिसरी तक्रार त्या वहीचीच. पूर्वी वह्या एकमेकांच्या उतरवल्या जायच्या. आता विचारले की मोबाइल दहा मिनिटांत अख्खे विश्लेषण लिहून देतो, मथळ्यांसकट. तपासणाऱ्या प्राध्यापकांना हे दिसते आणि मुलांनाही ठाऊक असते. चार सोबत्यांसमोर उभे राहून, हा आकडा तू कुठून आणलास, याचे उत्तर देताना उसनी विद्या चालत नाही. ज्या वर्षी तोंडी उत्तराची सर्वात जास्त गरज आहे त्याच वर्षी आपण ते बंद केले.

चौथी तक्रार मला सर्वात तातडीची वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर दुपारी उभे राहा. मुले शेअर बाजारातल्या पर्यायांचे (ऑप्शन्सचे) सौदे, म्हणजे भाव पुढे चढेल की उतरेल यावरचे सौदे, करताना दिसतील, कुणी वडिलांच्या खात्यातून, कुणी मित्राच्या पैशातून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि पर्याय व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त, माणशी सरासरी सुमारे २ लाख. आमच्या वर्गात हा आकडा भाषणासाठी वापरला नाही. गटांना तीन महिने कागदावरचे सौदे करायला लावले. प्रत्येक सौद्याआधी कारण लिहायचे, गटातल्या एकाने विरोधी बाजू मांडायची, आणि दलाली व कर धरून हिशेब काढायचा. ते संपल्यावर दोन मुलांनी स्वतःहून खरी खाती बंद केली. उपदेशाने ती बंद झाली नसती. हा तास गेल्यावर मुलांना शेअर बाजार शिकवणारे उरतात ते मोबाइलवरच्या चित्रफितींतले गुरू, आणि त्यांचे उत्पन्न मुलांनी सौदे करत राहण्यावर चालते.

भेटीत मला तीन कारणे सांगितली गेली. त्यांना उत्तर देते.

अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, हे पहिले. खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकणाऱ्या पैशाचे, प्रकरण टॉवेलच्या केसमध्ये जवळजवळ सगळे येऊन जाते. वेळेनुसार पैशाचे मूल्य, गुणोत्तरे, भांडवली अंदाजपत्रक (आज केलेली मोठी गुंतवणूक पुढे फिटेल का याचा हिशेब) हेही केसमधून शिकवता येते, फक्त केस त्या प्रकरणाला जोडून निवडावी लागते. शिवाय पुस्तक मागे राहते तिथे केस पुढे जाते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळणार नाही, ही आयकराची तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. आमच्या बाजारपेठेतल्या उधारीच्या सवयीला तिने धक्का दिला. केसच्या टिपणात ती एका शनिवारी घालून झाली. पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागली नाही.

गटात एक जण राबतो आणि बाकीचे आयते गुण घेतात, हे दुसरे. ही तक्रार खरी आहे, मीही ती ऐकली आहे. पण त्यावरचे उपाय साधे आहेत. निम्मे गुण गटाला आणि निम्मे प्रत्येकाच्या तोंडी परीक्षेला द्या. गटात कुणी काय केले ते सगळ्यांनी सही करून लिहून द्यावे. वर्गापुढे कोण बोलणार हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवा. मग प्रत्येकाला सगळे यावेच लागते. मित्रामित्रांचे गट होऊ देऊ नका. यादीवरून असे गट करा की एका गटात शहरातली, खेड्यातली, मुलगे, मुली, नोकरी करून शिकणारी अशी सगळी येतील.

आणि तिसरे कारण. आपल्या मुलांना हे झेपत नाही, हे मोठ्या शहरांतल्या व्यवस्थापन संस्थांसाठी ठीक आहे, असे मला सांगण्यात आले. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण या वाक्याला मी उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही.

गेल्या वर्षी एका गटाने आपली केस आपणच आणली. त्यांच्यातल्या एका मुलीच्या आईने बचत गटातल्या बायकांबरोबर एका खासगी सावकारी कंपनीकडून कर्ज घेतले होते. कार्डावर १२ टक्के व्याज आणि पुढे फ्लॅट असा शब्द होता. १ लाखाचे कर्ज, वर्षाचे व्याज १२ हजार, बारा हप्ते, प्रत्येक हप्ता ९,३३३ रुपये. गटाने संगणकावर हिशेब मांडला. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावर लावलेले. घटत्या शिलकीवर खरा दर निघाला वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के. मुलीने तो कागद घरी नेला. आधी आईला तेलुगूत समजावले, मग गल्लीतल्या बायकांना. पुढचे कर्ज घेताना त्या बायकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की दर फ्लॅट आहे की घटता? हे न झेपणाऱ्या मुलांचे काम आहे का? त्या गटात चार घरांच्या चार भाषा होत्या, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू. चर्चा सगळ्यांची मिळून झाली आणि सादरीकरण मराठीत झाले. इंग्रजी कच्चे आहे म्हणून पैशाची समज कच्ची असते, असे कुणी ठरवले?

उलट आपल्या मुलांकडे केस भरपूर आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकून जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश आला, ती बातमी देशभर गेली. किलोला रुपयाचा भाव, आणि त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे. ती पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) समोर ठेवली की भाव आणि हाती येणारी रक्कम यांतला फरक कुणाला वेगळा समजवावा लागत नाही. उसाचे पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा, आणि कायद्याने १४ दिवसांत द्यायचे पैसे लांबले तर वर्षाला १५ टक्के व्याज. पंढरपूर, माळशिरस, माढ्याकडून येणाऱ्या मुलांच्या घरात या रोजच्या गोष्टी आहेत. सांगोल्याच्या डाळिंबाची बाग लावायची की नाही, हा तर सरळ भांडवली अंदाजपत्रकाचा प्रश्न आहे. पहिली दोन-तीन वर्षे खर्च, मग उत्पन्न, आणि मध्ये तेल्या रोग आला तर सगळा हिशेब उलटा. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला हे वाचून समजून घ्यावे लागेल. आपला विद्यार्थी ते घेऊनच वर्गात येतो. त्याला फक्त मांडायची रीत आणि समोर चार जण हवे असतात.

यात एक गोष्ट मुलींसाठी वेगळी सांगते. बाहेर गटात भेटून अभ्यास करा, असे सांगणे सोपे आहे. मुलग्यांना ते चहाच्या टपरीवरही जमते. गावाकडून एसटीने येणाऱ्या मुलीला दुपारची गाडी गाठायची असते, आणि संध्याकाळी कुणाच्या घरी जमायचे म्हटले की घरचे नको म्हणतात. मला माझ्या घरातूनही परवानगी नसायची. वेळापत्रकात छापलेला तास होता म्हणूनच मला बोलायला आणि वाद घालायला जागा मिळाली. तो तास जातो तेव्हा सगळ्यात आधी मुलींची जागा जाते.

माझ्या मागण्या अशा आहेत :

१. परिपत्रक मागे घ्यावे आणि चालू सत्रातच आठवड्याला सलग दोन तासिका गटवार केस स्टडीसाठी वेळापत्रकात, महाविद्यालयाच्या वेळेत, ठेवाव्यात.

२. अंतर्गत गुणांपैकी निम्मे या कामाला द्यावेत, त्यात वर म्हटल्याप्रमाणे गट आणि वैयक्तिक तोंडी परीक्षा असे दोन भाग असावेत. उरलेल्या गुणांसाठी बहुपर्यायी चाचणी खुशाल घ्या.

३. सोलापूर जिल्ह्यातल्या उद्योग, शेती आणि बचतीवर मराठीत लिहिलेल्या केसचा संग्रह ग्रंथालयात सुरू करावा. नावे बदलून, आकडे जुळवून. आतापर्यंत वर्गात वापरलेल्या केस प्राध्यापकांच्या कपाटात पडून आहेत, त्यापासून सुरुवात होईल.

४. बाहेरून येणाऱ्या जाणकारांना रीतसर निमंत्रण आणि प्रवासखर्च द्यावा. जे परत गेले त्यांना पत्र पाठवून बोलवावे.

५. हा निर्णय ज्या चर्चेवरून झाला तिचे इतिवृत्त विद्यार्थ्यांना वाचायला मिळावे, आणि यापुढे असा बदल करताना तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थी प्रतिनिधींना बैठकीला बसू द्यावे.

पाचपैकी चौथी मागणी सोडली तर खर्च नगण्य आहे. चौथीसाठी निधी नसेल तर आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून पहिल्या वर्षाचा प्रवासखर्च उचलू, तसे लेखी द्यायला तयार आहोत. केस मराठीत लिहायचे काम मी आणि माझ्याबरोबरचे तिघे विनामोबदला करू. टॉवेल कारखान्याची नवी केस, ४५ दिवसांच्या तरतुदीसकट, लिहून तयार आहे आणि ती या पत्रासोबत कार्यालयात जमा केली आहे.

पहिली अंतर्गत चाचणी होण्याआधी लेखी उत्तर मिळावे ही विनंती. होकार असेल तर त्याच आठवड्याच्या शनिवारपासून मी यायला तयार आहे. नकार असेल तर त्याची कारणे लिहून द्यावीत. ती मी विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाचून दाखवीन.

आपली नम्र,
वाणिज्य शाखेची एक माजी विद्यार्थिनी
सोलापूर